माझ्या नंबरावर सगळी गल्ली

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं तरी सांगते आणि नाही विचारलं तरी सांगते. वडील गवंडीकामावर जायचे, आई काजूच्या कारखान्यात. आजऱ्याच्या अलीकडं आमचं गाव. तिकडच्या बायका हंगाम असला की काजू फोडायला जातात. टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडतात, कातडी सोलवटते. लग्नाकार्यात आई हात पदराखाली धरून बसते. मी बी.कॉम. झाले त्या दिवशी मात्र त्याच हातांनी तिनं सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

आता मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत कामाला आहे. खाली भांड्यांचं दुकान, वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. लोक आपापल्या माहितीच्या फाइली आणून देतात, आम्ही त्या साफ करतो आणि एकमेकींना जोडून देतो. इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखानदाराकडं कामगारांची हजेरी एका फाइलीत असते आणि विणलेलं कापड दुसऱ्या फाइलीत. दूध संस्थेकडं सभासद एकीकडं, त्यांची जनावरं दुसरीकडं. दोन्हींत समान काय आहे ते शोधायचं आणि त्यावर जोड घालायचा. त्याला आम्ही जॉइन म्हणतो.

घरी मात्र हे सांगणं अवघड. एकदा सुट्टीला गेले होते तेव्हा शेजारच्या काकूनं मला ओट्यावर पकडलं. ही काकू म्हणजे आईची जोडीदारीण. कारखान्यात दोघी समोरासमोर बसतात. दोघींचं नावही एकच. गल्ली चढाची आहे, आमचं घर वर आणि काकूचं खाली, म्हणून लोक आईला वरची म्हणतात आणि काकूला खालची. गावात कुणाला यात काही अडचण वाटत नाही.

"तू नक्की करतीस काय गं तिथं? तुझी आई म्हणती, जोडाजोड करती. वेल्डिंग करतीस व्हय?"

मी म्हटलं, "काकू, जत्रेला जेवायला कुणाकुणाला बोलावलं ती एक यादी धर. आणि खरोखर कोण कोण येऊन जेवून गेलं ती दुसरी."

"धरली."

"बोलावलं पण होतं आणि आले पण, असे तेवढेच काढले की तो इनर जॉइन. आता बोलावलेले सगळे ठेवायचे, आले नसतील त्यांचं ताट रिकामं दाखवायचं. तो लेफ्ट."

"म्हंजे रुसून बसलेला जावई सापडतो त्यात."

"बरोबर. आणि जेवून गेलेले सगळे ठेवायचे, बोलावलेलं असो नसो, तो राइट."

"त्यात तुझ्या मामाची सगळी दोस्त कंपनी."

"आणि दोन्हीकडचे सगळेच्या सगळे ठेवले, कुणालाच गाळलं नाही, की फुल आउटर."

काकू जरा विचार करून म्हणाली, "आमच्यात पहिल्यापासनं हीच पद्धत हाय की. ह्याला पगार देत्यात?"

आई आतून हसली. तिच्या हसण्यात "बघितलंस, माझी पोरगी" असं काहीतरी असतं. मला ते ऐकायला आवडतं, लपवून काय करायचं?

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या गावात बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यानं तालुक्यातल्या बऱ्याच गावांत ते घेतलं होतं. छातीत गाठ आहे का ते बघायचं, सोनोग्राफी करायची आणि कुणाचं शंकास्पद निघालं तर कोल्हापूरला बोलवायचं. आईचा फोन आला होता. "जाऊन आलो. ते जेल का काय लावत्यात ते लई थंड हुतं. खालची तर ओरडलीच." एवढंच. पुढं भाताच्या लावणीचं बोलत बसली.

आणि त्याच शिबिरांच्या फाइली जोडायला आमच्याकडं आल्या.

दोन फाइली होत्या. पहिली नोंदणीची. कॉलेजच्या मुली टॅबवर भरून घेत होत्या: पूर्ण नाव, वय, गाव, मोबाईल नंबर. दुसरी तपासणीची. मशीनवरच्या माणसानं घाईत भरलेली: नुसतं पहिलं नाव, वय, मोबाईल नंबर आणि निकाल. निकाल दोनच प्रकारचे. 'ठीक' किंवा 'पुन्हा तपासणी, लवकर'. पत्ता पहिल्या फाइलीत आणि निकाल दुसऱ्या फाइलीत. दोन्ही जोडल्याशिवाय कुठल्या गावच्या कुठल्या बाईला बोलवायचं ते दवाखान्याला कळणार नव्हतं. सगळ्यात सोपं म्हणजे प्रत्येकीला टोकन नंबर द्यायला हवा होता. तो कुणाला सुचला नव्हता.

आमचे सर म्हणाले, "नावावर जोडू नकोस. एकेका गावात एकाच नाव-आडनावाच्या चार बायका निघतील, सगळी भावकी. मोबाईलवर जोड. मोबाईल प्रत्येकाचा वेगळा असतो."

सर जैन व्यापारी घरातले. घरी गुळाचा धंदा, हे एकटेच कॉम्प्युटरकडं वळले. शिस्तीचा माणूस. दिवस मावळायच्या आत जेवतात, त्यामुळं आमचं ऑफिसही ऊन उतरलं की बंद. बाकीच्या ऑफिसांतल्या मुली रात्रीपर्यंत राबतात आणि मी उजेडात घरी जाते, त्याचं श्रेय सरांच्या धर्माला.

मलाही मोबाईलवर जोडणं पटलं. जोडलं. इनर जॉइन मारला.

निकालात बायका जास्त आल्या. शिबिरांना आल्या होत्या त्यापेक्षा जास्त.

इनर जॉइनमध्ये माणसं गळतात, हे मला ठाऊक होतं. वाढलेली बघून मी चक्रावले. सरांना दाखवलं. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "डुप्लिकेट असणार. टॅबवर दोनदा बटण दाबलं असेल पोरींनी. एका नंबरला एक बाई ठेव, बाकीच्या उडव. यादी आज संध्याकाळी द्यायचीय दवाखान्याला."

उडवायला कमांडची एकच ओळ लिहायला लागते. मी ती लिहिलीही. पण उडवायच्या आधी काय उडतंय ते बघायची मला सवय आहे. आमच्यात वस्तू टाकताना आधी आतबाहेर बघतात, तशी. सगळ्यात जास्त वेळा आलेला नंबर वर आणला.

नंबर ओळखीचा वाटला. आपला स्वतःचा नंबर आपण क्वचितच बघतो, सांगतो तेवढा. मी तो मनात म्हणून बघितला. माझाच नंबर होता.

त्याच्यापुढं आमच्या गल्लीतल्या बायका. एकीखाली एक. आणि त्यांत आईचं नाव एकदा नाही, ओळीनं खाली जात होतं. आई, ठीक. आई, ठीक. आई, ठीक. परत आई, ठीक. आणि मधेच एका ओळीत आई, पुन्हा तपासणी, लवकर.

पुढच्या बाईचंही तसंच. तिच्यापुढंही सगळे निकाल, त्यातला एक तोच. त्या नंबरावर नोंदलेली प्रत्येक बाई त्या नंबरावरच्या प्रत्येक निकालाला चिकटली होती. सबंध गल्लीला सबंध गल्लीचे निकाल. त्यातला वाईट एकच होता. पण तपासणीच्या फाइलीतलं नाव मी जोडात घेतलंच नव्हतं, त्यामुळं तो कुणाचा, हे यातून कळायला मार्ग नव्हता.

सर आतून म्हणाले, "झालं का उडवून?"

मी म्हटलं, "सर, त्या डुप्लिकेट नाहीत. त्या आमच्या गल्लीतल्या बायका आहेत."

सर बाहेर आले. मी नुसतं स्क्रीनकडं बोट दाखवलं आणि म्हटलं, "हा माझा नंबर. ही माझी आई." ते खुर्ची ओढून बसले. उडवायची ती ओळ त्यांनी स्वतःच पुसली.

आईला फोन लावला. कारखान्यात ती फोन उचलत नाही, काळ्या हातांनी फोन खराब होतो म्हणते. तिसऱ्यांदा उचलला.

"आई, शिबिरात मोबाईल नंबर कुणाचा दिलास?"

"तुझाच की. माझ्या फोनवर आल्यालं मला कुठं वाचता येतंय? मग काय सरपंचाचा देऊ?"

"आणि बाकीच्यांनी?"

"त्यांनीबी तुझाच. एवढाच नंबर सगळ्यास्नी पाठ हाय."

"अगं, प्रत्येकीच्या घरात फोन आहे."

"घरात न्हाय, गड्यांच्या खिशात हाय." आईनं आवाज खाली घेतला. "असली गोष्ट गड्यांच्या फोनवर यायची म्हंजे काय? पारावर बसून वाचून दाखवतील. त्या टॅबवाल्या पोरीनं मला नंबर विचारला, मी तुझा सांगितला. मागनं सगळ्या म्हणाल्या, आमचाबी ह्योच लिव्हा. ती म्हणाली, सगळ्यांचा एकच कसा हो मावशी? मी म्हटलं, लिव्ह बिनधास्त. आमची पोरगी शिकल्याली हाय, कोल्हापुरात कॉम्प्युटरवर बसती. ती सगळ्यास्नी सांगती."

मी त्या वाईट निकालाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"का गं? काय निघालं का कुणाचं?"

"नाही. यादी जुळत नव्हती. ठेवते."

रागवायला हवं होतं, पण राग कुणाचा करणार? काकूनं गॅसला माझा नंबर दिला होता ते मला माहीत होतं. तिच्या सिलिंडरचा मेसेज आला की मी फोन करून तिला सांगायचे. तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटायचं. मेसेज वाचून समजावून सांगणारं, शिवाय बाहेर तोंड न उघडणारं माणूस म्हणजे मी, असं गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मोबाईल प्रत्येकाचा वेगळा असतो, हे सरांच्या घरात खरं. आमच्या गल्लीत नाही. आणि हे गल्लीतली असून मलाही आधी सुचलं नाही.

सर म्हणाले, "एकट्या मोबाईलवर भागत नाही. मोबाईल आणि पहिलं नाव, दोन्हींवर जोड. आणि इनर नको, लेफ्ट घे. आलेली प्रत्येक बाई दिसली पाहिजे, निकाल सापडो न सापडो."

तसं केलं. तालुकाभरच्या बायका एकदम सरळ झाल्या. एका बाईपुढं एक निकाल. ज्यांचा निकाल मिळेना त्यांच्यापुढं मोकळी जागा, पण बाई जागेवर. आमच्या गल्लीतल्याही सुटत गेल्या. ही ठीक, ती ठीक, कोपऱ्यावरची शिवणकामवाली ठीक. प्रत्येक ठीक वाचताना मला बरं वाटायला हवं होतं. पण एक ठीक गेलं की तो वाईट निकाल आईच्या एक पायरी जवळ येत होता.

शेवटी चार ओळी राहिल्या. दोन बायका, दोन निकाल. नंबर एक, पहिलं नाव एक. आई आणि काकू. वरची आणि खालची.

म्हटलं, वय तरी वेगळं असेल. दोघींचं पंचेचाळीस. काकू आईपेक्षा चांगली पाच-सहा वर्षांनी मोठी आहे. पण तिनं काय सांगितलं असेल ते मला इथं बसून ऐकू आलं: "हिचंच लिव्हा."

एक निकाल ठीक. दुसरा पुन्हा तपासणी, लवकर. कुठला कुणाचा हे सांगणारी तिसरी खूण दोन्ही फाइलींत नव्हती. दवाखान्यात फोन केला. मशीनवरचा माणूस बिचारा म्हणाला, "ताई, दिवसभर बायका येत होत्या, मला चेहरे कसे आठवणार?"

खिडकीतून बघितलं तर समोरच्या भिंतीवरचं ऊन गेलं होतं. मी सरांना म्हटलं, "सर, तुमची जेवायची वेळ." ते म्हणाले, "असू दे." आणि बाकीच्या गावांतले एकापेक्षा जास्त वेळा आलेले नंबर काढायला बसले. असे नंबर गावोगाव निघाले. आम्ही त्यांना फोन लावत गेलो. एक नंबर अंगणवाडी सेविकेचा होता. एक पुण्यात नर्सिंग शिकणाऱ्या मुलीचा. मी तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "अय्या, आमच्या वाडीनं पण मलाच दिलंय होय?" तिच्या आवाजात वैताग होता आणि फुशारकीही. मला दोन्ही ओळखीचे. यादी पक्की करून पाठवली तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते. सर त्या दिवशी उपाशीच झोपले असणार. ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

आमच्या दोघींपुढं दवाखान्यासाठी मी लिहिलं: दोघींनाही बोलवावे.

मग आईला परत फोन करून म्हटलं, काकूला घेऊन इथं दवाखान्यात ये. तिला फसवता येत नाही. तिनं सरळ विचारलं, "दोघीस्नी निघालंय, का एकीला?"

"एकीला. पण कुठल्या एकीला ते कळत नाही."

तिच्या मागं कुणाच्या तरी घरातला टीव्ही चालू होता.

"बरं झालं न कळल्यालं," ती म्हणाली. "दोघीबी येतो. एकटीनं कशाला भ्यायचं?"

दोघी सकाळच्या एसटीनं आल्या. काकू ठेवणीतली साडी नेसली होती. "डॉक्टरला वाटाय नको, कोण गावंढळ आल्यात." आईनं पिशवीत माझ्यासाठी काजू आणले होते, तुकडा, कारखान्यात स्वस्त मिळतो तो. स्टँडवरनं रिक्षात बसल्यापासून काकूचं तोंड चालू होतं. रिक्षावाल्याला म्हणाली, "पावणं, हळू चालवा की, आमी काय मरायला न्हाय आलो." आणि मग तिनंच पदर तोंडाला लावला.

दवाखान्यात आत फक्त पेशंटला सोडत होते. दोघी एकमेकींचा हात धरून आत गेल्या. मी बाहेर बाकावर. समोर पाण्याची टाकी, तिच्यावर साखळीला बांधलेला स्टीलचा ग्लास. मी त्याच ग्लासाकडं बघत बसले. मनात एकच विचार होता, आईचं नसू दे. आणि त्याच्या पाठोपाठ, म्हणजे काकूचं असू दे का? हे मला म्हणवेना. लहानपणी आई कारखान्यातून उशिरा यायची तेव्हा माझं ताट काकूकडंच असायचं. दोन बायका आणि दोन निकाल, एकीचं ठीक काढून घेतल्याशिवाय दुसरीला देता येत नव्हतं.

दार उघडलं. आधी काकू आली, मागनं आई. दोघींच्याही डोळ्यांत पाणी, आणि दोघीही हसत होत्या.

"पाण्याची गाठ हाय," काकू म्हणाली. "डॉक्टरीणबाईनी सुई घालून पाणी काढलं. म्हणल्या, काय भ्यायचं कारण दिसत न्हाय. पाणी तपासायला पाठवलंय, पण ते नुसतं नियमाला."

"कुणाला? कुणाची गाठ?"

"एकीची," आई म्हणाली.

"आई!"

"एकीची म्हटलं न्हवं का? तुला काय करायचंय? भूक लागलीया, खायला घाल चल."

मी किती विचारलं. रस्त्यानं विचारलं, मिसळ खाताना विचारलं. काकू वरून तिखट कट मागून घेत होती आणि नाकातून पाणी गळत असताना म्हणत होती, "जास्त विचारलंस तर रस्सा अंगावर वतीन." आई पाव मोडत मान खाली घालून हसत होती. तिचे हात टेबलावर होते, पदराबाहेर, आणि तिला त्याची आठवणही नव्हती. मी मिसळीचा पहिला घास घेतला. गिळला आणि रडू आलं. काकूनं मिसळवाल्याला ओरडून सांगितलं, "पोरीला तिखट लागलं, दही आणा."

संध्याकाळच्या गाडीनं दोघी परत गेल्या.

पाण्याचा रिपोर्ट यायचा होता, आणि दवाखाना दोघींचेही अहवाल एकदमच पाठवणार होता. त्यानंतरचे दिवस मी फोन उशाला घेऊन झोपत होते. ऑफिसात सर रोज आल्या-आल्या माझ्याकडं बघायचे आणि मी मान हलवायचे, अजून नाही. दरम्यान दवाखान्यानं पुढच्या शिबिरांसाठी टोकनं छापून घेतली, टोकन बाईच्या हातात आणि तोच नंबर मशीनवर. सरांनी तसं लिहून दिलं होतं, आणि सूचना माझी, हेही खाली माझं नाव घालून लिहिलं होतं. तो कागद मी फोटो काढून आईला पाठवला. तिला वाचता येत नाही, पण तिनं कारखान्यात सगळ्यांना दाखवला.

मग एका दुपारी फोन वाजला. एक मेसेज. लगेच दुसरा.

दोन्ही दवाखान्याचे. दोन्हींत पहिलं नाव तेवढं, तेच. दोन्हींत तोच मजकूर: आपला अहवाल चांगला आहे, काळजीचे कारण नाही, सहा महिन्यांनी दाखवून जावे.

मी मेसेज सरांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही वाचले आणि म्हणाले, "यातला कुठला कुणाचा?"

"माहीत नाही, सर."

"जोडायचं आहे?"

"नको," मी म्हटलं, आणि गावाकडं फोन लावला. आईनं तिसऱ्यांदा नाही, पहिल्यांदाच उचलला.